खंडाचे उत्पन्न आणि खारीचा बांध



गेल्या महिन्यात माझा एक भाचा मजकडे आला होता. नोकरीत तो आता स्थिरावला आहे, गाठीस थोडी शिल्लक आहे, आणि मुंबईतील अनेक तरुणांप्रमाणे त्याच्याही मनाने अलीकडे रायगडच्या किनाऱ्याकडे धाव घेतली आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटरांचा सेतू खुला झाल्यापासून तर ही ओढ अधिकच वाढली. "मामा, पेणच्या बाजूस एक घर पाहिले आहे," तो म्हणाला. "बँक कर्ज देते आहे. घर भाड्याने लावायचे, भाड्यातून हप्ता फेडायचा, आणि वीस वर्षांनी घर आपले. यात चुकते कोठे?"

मी इतिहासाचा अभ्यासक. व्याजाच्या कोष्टकांशी माझा परिचय बेताचाच. परंतु ज्या भूमीवर तो घर घेऊ पाहत होता तिचा, आणि त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या खंडाचे उत्पन्न खाणाऱ्या लोकांचा इतिहास मला ठाऊक होता. मी त्यास म्हटले, "अरे, बँकेच्या कचेरीत जाण्यापूर्वी एकदा धरमतरच्या खाडीवरचा बांध पाहून ये." आजचे माझे भाषण म्हणजे त्या एका वाक्याचा विस्तार होय.

धरमतरच्या खाडीच्या दोन्ही अंगांस, पेण आणि अलिबाग तालुक्यांत, जो सखल मुलूख पसरला आहे त्यास आपण खारेपाट म्हणतो. ही जमीन निसर्गाने शेतकऱ्यास दिलेली नाही. ती मनुष्याने समुद्रापासून मागून घेतलेली आहे. मोठ्या भरतीचे पाणी जेथवर चढते त्या पातळीच्या खाली येथील कित्येक शेते आहेत. पाणी आत येऊ नये म्हणून खाडीच्या कडेने मातीचा भक्कम बांध घालावयाचा. त्यास बाहेरकाठा म्हणत. त्यात ठिकठिकाणी उघाडी ठेवावयाची. ओहोटीच्या वेळी उघाडीतून पावसाचे साचलेले पाणी बाहेर जाते, आणि भरतीच्या वेळी तीच मिटून खारे पाणी अडविते. बांध घातल्याबरोबर पीक येते असेही नाही. मातीतील क्षार धुऊन जाण्यास काही पावसाळे जावे लागतात. मग कोठे मोड आणलेले बी चिखलात फेकता येते आणि खारीचा तो लालसर तांदूळ पदरात पडतो. एवढे करूनही बांधाचे काम संपत नाही. खेकडे त्यास बिळे पाडतात, लाटा त्याची माती खातात, आणि एखाद्या उधाणाच्या रात्री दुर्लक्षित जागी खांड पडून वर्षाचे पीक तर जातेच, पण जमीनही पुढील दोन-तीन वर्षांकरिता नापीक होते.

आता विचार करा, असा बांध घालावयाचा कोणी? त्यास भांडवल लागे, आणि ते एकट्यादुकट्या कुळाजवळ नसे. येथे एक विशेष प्रकारचा मनुष्य पुढे आला. त्यास शिलोत्रीदार म्हणत. हा ऐपतदार आणि वजनदार गृहस्थ पेशव्यांकडून किंवा कुलाब्याच्या आंग्र्यांकडून कौल मिळवी आणि पदरच्या अगर कर्जाऊ पैशाने खार बांधून काढी. कौल देणारे सरकारही व्यवहारी असे. पडीक जमीन लागवडीस आणावयाची तर पहिली वर्षे सारा माफ, आणि पुढे वर्षावर्षाने चढत जाऊन काही काळाने पूर्ण सारा, ही आपल्याकडील जुनी रीत. या चढत्या साऱ्यास इस्तावा म्हणत. उत्पन्न सुरू होण्यापूर्वी मागणी करू नये, हे तत्त्व त्या काळच्या राज्यकर्त्यांस पुरते कळले होते.

शिलोत्रीदारास त्याच्या भांडवलाचा मोबदला कसा मिळे, हे पाहण्याजोगे आहे. खारीत शेत करणारा शेतकरी सरकारचा सारा तर देईच. त्याशिवाय बिघ्यामागे भाताचा एक ठरीव भाग तो शिलोत्रीदारास देई. त्याचे नावच 'शिलोत्री मण' असे होते. आणि हा मण कशाबद्दल? बाहेरकाठा दुरुस्त ठेवण्याबद्दल. म्हणजे शिलोत्री मण हा केवळ मालकीचा मान नव्हता. तो एका चालू कर्तव्याचा मोबदला होता. बांध उभा आहे म्हणून मण आहे. ज्याने प्रथम खर्च केला, धोका पत्करला आणि पुढेही दरसाल माती घालण्याचे पतकरले, त्यास शेतकऱ्याने आपल्या पिकातून वाटा द्यावा, यात कोणास अन्याय वाटण्याचे कारण नव्हते. भाड्याच्या उत्पन्नाची याहून स्वच्छ व्याख्या मला तरी कोठे आढळलेली नाही.

परंतु हक्क आणि कर्तव्य ही जुळी भावंडे फार दिवस एकत्र नांदत नाहीत. हक्क वारशाने मिळतो, विकता येतो, गहाण ठेवता येतो. कर्तव्याचे तसे नाही. पेशव्यांचे राज्य १८१८ साली गेले, आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० साली खालसा झाले, पुढे १८६९ साली कुलाबा जिल्हा अस्तित्वात आला. पण कौलांतून उत्पन्न झालेले हक्क पिढी दरपिढी चालतच राहिले. मूळ बांध घालणारा शिलोत्रीदार जाऊन त्याच्या जागी त्याचे पुत्र, पौत्र आणि भाऊबंद आले. त्यांतील कित्येक शहरांत राहू लागले. त्यांस मण ठाऊक होता. बाहेरकाठा त्यांपैकी कित्येकांनी पाहिलाही नव्हता.

याबाबत मी दुसऱ्याचे उदाहरण देत नाही. माझ्याच घरचे देतो. आमच्या पणजोबांकडे खाडीकाठच्या एका खारीत हिस्सा होता. वडिलांच्या लहानपणापर्यंत त्याचे सात वाटे झाले होते. सातही घरी माघ-फाल्गुनात भाताची पोती न चुकता येत. बांधाच्या डागडुजीचा विषय निघाला म्हणजे मात्र प्रत्येकास दुसऱ्याचा वाटा मोठा दिसे. आमच्या एका चुलत आजोबांनी तर आपला हिस्सा गहाण टाकून मुलीच्या लग्नाकरिता सावकाराकडून रक्कम उचलली होती. उत्पन्न ठरलेले आहे, त्यातून व्याज फिटेल, हा त्यांचा हिशेब. आणि कागदावर तो बरोबरही होता. पुढे एका भाद्रपदातील अमावास्येच्या उधाणात, भात पोटरीस आलेले असताना, बांधास खांड पडली. ती पहिल्या आठवड्यात बुजविली असती तर थोडक्यात निभावले असते. परंतु सात हिस्सेदारांत खर्च कोणी किती करावा याचा वाद लागला, तो कोर्टात गेला, आणि कोर्टाची तारीख पडेपर्यंत दर भरतीस ती खांड रुंदावत राहिली. कुळे दोन वर्षे थांबली, मग एकेक करून मुंबईस गोदीत आणि गिरण्यांत गेली. शेतांत कांदळे उगवली. जमीन पाण्याखाली गेली, पण व्याज गेले नाही. चुलत आजोबांचे राहते घर अखेर त्यापायी विकावे लागले. वडील ही हकीकत सांगत तेव्हा समुद्रास कधी दोष देत नसत. ते म्हणत, "समुद्राने फक्त तारीख पाळली, आम्ही पाळली नाही."

खारीचा प्रकार असा होता, तर खोतीचा याहून कठीण होता. खोत हा मूळचा गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा मक्तेदार. त्यातूनच कालांतराने गावच्या जमिनीवर त्याचा ताबा दृढ झाला आणि कसणारा मनुष्य त्याचे कूळ बनला. कुळाने पिकविलेल्या भातातून निम्मा किंवा ठरेल तो वाटा खोतास द्यावा, अडीनडीस त्याच्याकडूनच धान्य उचलावे, आणि ते सुगीस सवाई-दिढीने परत करावे, असा क्रम चाले. पुष्कळ ठिकाणी कसणाऱ्याचे नाव सरकारी दप्तरात लागत नसे. म्हणजे बापाने नांगरलेल्या शेतावर मुलाचा हक्क खोताच्या मर्जीवर राही. खोतांत दयाळू माणसे नव्हती असे मी म्हणणार नाही. परंतु व्यवस्था अशी होती की मालकाचे उत्पन्न वाढावयाचे तर ते जमिनीची निगा राखून वाढण्यापेक्षा कुळाचा वाटा घटवून अधिक लवकर वाढे. जी व्यवस्था मनुष्यास असा सोपा मार्ग दाखविते, तीत चांगली माणसेही फार काळ चांगली राहत नाहीत.

याचा स्फोट अलिबाग तालुक्यातील चरी या गावी झाला. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तेथे भरलेल्या सभेत शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निश्चय केला. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. आसपासची पंचवीस गावे या संपात होती, आणि तो एक-दोन हंगाम नव्हे, १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे चालला. शेतकऱ्याने शेत न करणे म्हणजे काय, याची कल्पना शहरात बसून येणे कठीण आहे. मोलमजुरी करून आणि रानातील लाकूडफाटा विकून या कुटुंबांनी दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली चरीस आले. पुढे १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते विधेयक संमत झाले नाही, परंतु प्रश्न आता कोणास झाकता येण्याजोगा राहिला नव्हता. त्याच वर्षी नारायण नागू पाटलांनी 'कृषीवल' हे पत्र काढले.

या संपाकडे आपण न्यायाच्या बाजूने पाहतो, आणि ते योग्यच आहे. आज मला त्याची एक हिशेबी बाजूही दाखवावयाची आहे. खोतांजवळ कागद होते, वहिवाट होती, वकील होते. नव्हते ते एवढेच की शेतात उतरणारे हात. कसणारा उठून गेला त्या दिवशी हजारो रुपये किमतीची जमीन उत्पन्नाच्या दृष्टीने शून्य झाली. भाड्याने दिलेल्या मालमत्तेची किंमत केवळ तिच्या दगडमातीत नसते. तीत राहणारा अगर राबणारा मनुष्य तेथे राहण्यास राजी असतो, त्यातही ती असते. हे सत्य चरीच्या पडीक शेतांनी सहा वर्षे उच्चरवाने सांगितले.

त्यानंतर कायद्यांची मालिकाच सुरू झाली. १९३९ च्या कूळ कायद्याने 'संरक्षित कूळ' ही कल्पना आणली. १९४८ साली मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. १९४९ च्या कायद्याने खोती नष्ट केली. १९५५ साली कुलाबा जिल्ह्यातील शिलोत्रीचे हक्कही रद्द झाले. आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचा मालक मानले गेले. इकडे बांधांचा प्रश्न वेगळा उरलाच होता, म्हणून १९४८ साली खार जमिनींचा स्वतंत्र कायदा करून सरकारने त्या कामासाठी मंडळ स्थापण्याची सोय केली. ज्या कर्तव्यापोटी शिलोत्री मण उत्पन्न झाला होता, ते कर्तव्य असे मालकाच्या हातून सुटून सरकारच्या अंगावर आले.

मालकाने बांध सोडला तर काय होते हे आपण पाहिले. परंतु बांधास पुरेल इतका खंडच न मिळाला तर काय होते, याचा धडा खाडीपलीकडे मुंबईत मिळतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने तेथील भाडी १९४० च्या सप्टेंबरातील पातळीस बांधली गेली. भाडेकरूस त्या टंचाईच्या काळी संरक्षण हवेच होते. परंतु महागाई वाढत गेली, भाडे जागच्या जागी राहिले, आणि चाळींच्या भिंतींस चुना लावणे मालकास परवडेनासे झाले. अखेर १९६९ साली त्या इमारतींच्या दुरुस्तीकरिता कायदा करून मंडळ नेमावे लागले. सारांश, खंड आणि बांध यांची गाठ दोन्ही बाजूंनी आहे. बांधाशिवाय खंड घेणे हा अन्याय. खंडाशिवाय बांध मागणे हा भ्रम. दोहोंचा शेवट एकच, वास्तू कोसळते.

आता माझ्या भाच्याच्या घराकडे वळू. या इतिहासातून त्याला मी जे सांगितले ते नवशिक्या प्रत्येक मालकास उपयोगी पडावे.

पहिली गोष्ट, कागद वाचावा, आणि तो इतिहासाच्या दृष्टीने वाचावा. किनाऱ्यावरील जमिनीचा सातबारा हा या सर्व घडामोडींचा सारांश असतो. त्यातील 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचे नाव आहे काय, जमीन कूळ कायद्याने मिळालेली असून तिच्या हस्तांतरावर बंधन आहे काय, फेरफारांची साखळी अखंड आहे काय, हे जाणत्या वकिलाकडून पाहून घ्यावे. शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी, हे सर्वसाधारण बंधनही त्याच १९४८ च्या कायद्यातून आलेले आहे. बांधावयाच्या इमारतीतील घर असेल तर प्रकल्पाची महारेराकडील नोंद पाहावी. जागा खाडीलगत असेल तर किनारा नियमनाची हद्द विचारावी. आणि कांदळवन असेल तर सावध व्हावे, कारण ते कोणाच्याही मालकीच्या जमिनीत असले तरी त्यास व त्याभोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यास संरक्षण असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. एके काळी बांध फुटून जेथे कांदळे आली, तेथे आता पुन्हा बांध घालण्याची मुभाही सहजी उरलेली नाही.

दुसरी गोष्ट, हिशेब इस्ताव्याप्रमाणे करावा. मी भाच्यास कागदावर आकडे मांडावयास लाविले. समजा, घर ५० लाखांचे. पदरचे १० लाख, कर्ज ४० लाख, व्याज शेकडा ९, मुदत २० वर्षे. मासिक हप्ता सुमारे ३६,००० रुपये, म्हणजे वर्षास ४,३२,०००. भाडे महिना १४,००० येईल असे धरले, आणि वर्षातून दोन महिने घर रिकामे राहील असे मानले, तर येणे १,४०,०००. तूट २,९२,००० रुपयांची. त्याउपर घरपट्टी, सोसायटीची वर्गणी आणि दुरुस्ती. "भाड्यातून हप्ता फेडायचा" हे त्याचे वाक्य या एका बेरजेने पुसले गेले. त्याच्या विचारलेल्या घराचे आकडे निराळे असतील; पण बेरीज हीच करावयाची. ही तूट आपल्या पगारातून, घरच्या माणसांच्या गरजा न मारता, भरता येत असेल तरच पुढे जावे. नसेल तर लहान घर घ्यावे, पदरची रक्कम वाढू द्यावी, अगर थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही. खार बांधणारासही पहिली वर्षे मातीतील मीठ धुऊन जाण्याची वाट पाहावी लागत असे.

तिसरी गोष्ट, बांधाचा पैसा आधी काढून ठेवावा. किनाऱ्याची खारी हवा लोखंड खाते, पावसाळा गच्ची शोधून काढतो. भाड्यातील ठरावीक भाग दरमहा वेगळ्या खात्यात पडला पाहिजे, आणि त्यास दुसऱ्या कोणत्याही कामाकरिता हात लावता कामा नये. शिवाय सहा महिन्यांचे हप्ते शिल्लक असावेत. कारण भाडेकरू जाईल, पण बँकेची तारीख जाणार नाही. घर भावाभावांत मिळून घ्यावयाचे असेल तर नफ्याच्या वाट्याबरोबर खर्चाचा वाटाही पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा. आमच्या सात हिस्सेदारांनी एवढी एक ओळ लिहिली असती तर!

चौथी आणि शेवटची गोष्ट, भाडेकरूस कूळ समजू नये. करार लेखी असावा आणि तो नोंदविलेला असावा. तशी जबाबदारी आजच्या कायद्याने मालकावरच घातली आहे. अनामत रक्कम परत देण्याची असते, हे ती घेतानाच लक्षात ठेवावे. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात एक कलम आहे. जागा सुस्थितीत राखणे हे मालकाचे कर्तव्य आहे. नोटीस देऊनही त्याने हयगय केली, तर भाडेकरूने दुरुस्ती करून तिचा खर्च, वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंत, भाड्यातून वळता करून घ्यावा. ते कलम वाचताना मला शिलोत्री मणाची आठवण झाली. बांध नाही, तर मण नाही.

भाचा कागद घडी करून खिशात घालीत म्हणाला, "मामा, म्हणजे घेऊ नको असेच तुम्ही सांगता." मी म्हटले, "नाही. घे, पण भाडे खाण्यासाठी घेऊ नको, घर राखण्यासाठी घे. राखलेस तर भाडे आपसूक येईल." त्याने अद्याप सौदा केलेला नाही. परवा त्याचा निरोप आला. भरतीच्या वेळी तो खाडीवर जाऊन आला होता. बांधावर एक म्हातारा शेतकरी घमेल्याने माती टाकीत होता. भाच्याने त्यास विचारले, "हे काम सरकारचे ना?" म्हातारा म्हणाला, "काम सरकारचे, भात माझे." या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर माझ्याजवळ नाही.